काळी चारमधला पियानो

"पियानो तूच निवड," असं सुलक्षणा म्हणाली आणि पद्माकरच्या मगातला चहा त्याच्याच पायजम्यावर सांडला.

त्याला कारण होतं. आठल्यांच्या घरात वस्तू निवडण्याचं खातं कित्येक वर्षं सुलक्षणाकडे होतं. पद्माकरनं निवडलेली शेवटची वस्तू म्हणजे एक सोफा. सोफा अगदी उत्तम होता, फक्त तो इंग्लंडातल्या बीस्टनमधल्या त्यांच्या सेमी-डिटॅच्ड जोडघराच्या दारातून आत येईना. दोन दिवस तो ड्राइव्हवेवर पावसात बसला, मग चॅरिटीवाल्यांकडे गेला आणि जाताना पद्माकरचे सगळे अधिकार सोबत घेऊन गेला. तेव्हापासून पडदे, टोस्टर, गाडी, इतकंच काय, पद्माकरचे शर्टसुद्धा सुलक्षणाच निवडायची. त्यानं "छान आहे" म्हणायचं. (तेसुद्धा वस्तू बघून झाल्यावर. एकदा तो आधीच म्हणाला होता, तेव्हा बरंच ऐकून घ्यावं लागलं.)

"मी निवडू?" पद्माकरनं खात्री करून घेतली.

"मग काय शेजाऱ्यांना विचारू? घरात पेटी कोण वाजवतं?"

हो, पेटी पद्माकर वाजवायचा. पेशानं तो भूलतज्ज्ञ. आठवडाभर हॉस्पिटलात लोकांना झोपवायचं आणि सणासुदीला महाराष्ट्र मंडळात पेटीवर बसून तेच काम पुढे चालू ठेवायचं, असं त्याचे मित्र म्हणत. मित्रांचं सोडा. मंडळाच्या भजनात एक ढोलकी, चार टाळ आणि हॉलभर टाळ्या. त्या गदारोळात पेटी कुणाला ऐकूच जात नसे, आणि पद्माकरची सगळी कीर्ती त्या गदारोळावर उभी होती. तो डोळे मिटून मान मात्र अशी काही हलवायचा की बघणाऱ्यानं कान पकडावेत. सुलक्षणानं लग्नापासून ती मान पाहिली होती. पेटी मंडळाच्या हॉलवरच असायची; ती अशी सुटी, एकटी, तिनं कधीच ऐकली नव्हती.

सुलक्षणा जीपी. लहानपणी सांगलीला तिच्या घराशेजारच्या बंगल्यात कुणीतरी पियानो वाजवायचं आणि ही पोरगी दप्तर पाठीला लावून फाटकाबाहेर उभी राहायची. मग बारावी आली, मेडिकल आलं, लग्न, इंग्लंड, इथल्या परीक्षा, वरदा, वरदाच्या परीक्षा. आता वरदा लीड्सला युनिव्हर्सिटीत गेली आणि सुलक्षणानं पहिल्या आठवड्यातच जाहीर केलं, की मी पियानो शिकणार आणि ग्रेड वनची परीक्षा देणार.

"तिथे सगळी सात-सात वर्षांची मुलं असतील," पद्माकर म्हणाला.

"असू देत. आजवर सगळ्या परीक्षा पोटासाठी दिल्या. ही एक माझी आहे. आणि मला ती पास व्हायचीये, पद्माकर. हसायचं नाही."

तो हसला नाही. तिच्या आवाजातलं ते 'माझी' त्याला जरा लागलंच. काही झालं तरी हिला उत्तम पियानो आणून द्यायचा, असं त्यानं ठरवलं. शिवाय सोफ्याचा कलंक धुऊन काढायचा होता, तो वेगळा.

त्यानं अभ्यासाला सुरुवात केली. आठ दिवसांत तो 'हॅमर ॲक्शन' आणि 'वेटेड कीज' असले शब्द भूल देता देता पेशंटला ऐकवू लागला. (पेशंट लवकर झोपत.) मग एका शनिवारी दुकानात गेला. तिथल्या तरुण सेल्समननं अदबीनं स्टूल पुढे केलं. "ट्राय करा ना, सर."

सर बसले. उजवा हात सुरांवर ठेवला, डोळे मिटले, आणि डावा हात सवयीनं पियानोच्या मागे जाऊन भाता हलवू लागला. आता पियानोला भाता नसतो. त्यामुळे डावा हात हवेतच पंख्यासारखा मागेपुढे होत राहिला. सेल्समन थोडा वेळ बघत उभा होता. मग त्यानं खूप हळुवारपणे विचारलं, "सर, कुणाला बोलावू का? पाणी देऊ?"

एवढं झालं तरी पद्माकरनं पियानो मात्र छान निवडला, हे मान्य केलं पाहिजे. विजेवर चालणारा, पट्ट्या पुरेपूर, स्पर्श खऱ्या पियानोसारखा जड, हेडफोन लावायची सोय, म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना त्रास नाही. आणि तो दारातून आत आला! सुलक्षणानं पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान आहे." पद्माकरच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो एका बटणामुळे.

हे बटण कळण्यासाठी पद्माकरचं गुपित सांगायला हवं. आपल्याकडे गाणाऱ्याची एक पट्टी असते. कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी पांढरी चारमध्ये. म्हणजे पेटीवरची ती पट्टी 'सा' धरायची आणि पुढचे सूर तिथून मोजायचे. खरा पेटीवाला कुठल्याही पट्टीतून वाजवतो. पद्माकर फक्त पांढरी एकमधून वाजवायचा, कारण तिथून निघालं की बहुतेक काम पांढऱ्यांवरच भागतं. काळ्या पट्ट्यांशी त्याचे संबंध सौजन्याचे होते, पण दुरूनच.

आणि मंडळाच्या गायिका शशीवहिनी गायच्या काळी चारमध्ये. दरवर्षी पद्माकर त्यांना ओढूनताणून पांढरी एकमध्ये आणायचा आणि दरवर्षी वहिनींचा वरचा सूर अर्ध्यात फाटायचा. यंदाची दिवाळी झाल्या झाल्या त्यांनी स्पष्टच सांगितलं, "भावजी, पुढच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी माझ्या पट्टीत गाणार. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी आपलं कराओके लावते."

कराओके! इतक्या वर्षांच्या मानेला हा मोबदला! पद्माकर दोन दिवस जेवला नाही. (घरी. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जेवला.)

आणि अशा वेळी त्याला पियानोच्या मॅन्युअलात ते बटण सापडलं. ते दाबलं की तुम्ही बोट ठेवा पांढरी एकवर, पियानो बोलणार काळी चार! चार घरं खाली घेतलं की काम झालं. बोटं आपली पांढऱ्यांवरून मजेत चाललीयेत आणि आवाज मात्र थेट शशीवहिनींच्या पट्टीत. पद्माकरला त्या जपानी इंजिनिअरला मिठी मारावीशी वाटली. फक्त बंद केला की पियानो सगळं विसरायचा. पण मॅन्युअलात त्यावरही इलाज होता, सेटिंग कायमचं लक्षात ठेवायचा. पद्माकरनं तो ताबडतोब केला. दिवाळीला हाच पियानो गाडीत घालून हॉलवर न्यायचा, असा बेत त्यानं मनात पक्का केला. शनिवारी सुलक्षणा पोहायला गेली की तो हेडफोन लावून बसायचा आणि मान हलवत सराव करायचा. घरात चिटपाखराला पत्ता नाही.

आता बटणाला काय, कोण बसलंय ते कळत नाही. सुलक्षणाची शिकवणी त्याच आठवड्यात लागली, आणि पहिल्या दिवसापासून तीही घरी काळी चारमध्येच पियानो शिकू लागली. वाजवायची ते पुस्तकाप्रमाणे बरोबर, ऐकायची ते चार घरं खाली. नवशिकी होती बिचारी. तिला वाटलं, पियानो असाच वाजतो.

तिच्या बाई म्हणजे मिसेस हॅलिवेल. ऐंशीला टेकलेल्या, सडपातळ, मोत्यांची माळ, आणि कान असा की दारावरची बेल वाजली तरी कुठला सूर ते सांगायच्या. उपजत देणगी. त्या कानाचा त्यांना मोठा अभिमान होता आणि त्याच कानाच्या बळावर त्यांनी अर्ध्या बीस्टनला शिकवलं होतं.

काही दिवसांनी सुलक्षणा जेवताना म्हणाली, "अरे, मिसेस हॅलिवेलचा पियानो मला विचित्र वाटतो. आपला कसा गोड, भरदार वाजतो. त्यांचा आपला चढाच."

इथे पद्माकरनं "मला काय माहीत" म्हणायला हवं होतं. पण सांगीतिक बाबतीत बायकोनं आपला सल्ला विचारलाय, हा प्रसंग पुन्हा कधी येणार? त्यानं घास गिळला, मान जराशी हलवली आणि म्हणाला, "लाकडी पियानो ना! थंडीनं लाकूड आकसतं. तारा ताणल्या जातात. सूर चढणारच. त्यांना म्हणावं, ट्यूनरला बोलवा."

सुलक्षणानं फार संकोचानं बाईंना सांगितलं. बाईंनी ट्यूनरला बोलावलं. तो तपासून म्हणाला, पियानो अगदी सुरात आहे.

"मग त्या ट्यूनरचाच कान गेलाय," पद्माकरनं निकाल दिला.

हेही सुलक्षणानं, जरा मऊ शब्दांत, बाईंच्या कानावर घातलं. मिसेस हॅलिवेलनी 'असं का?' म्हणत चहा पुढे केला. इंग्रज बाई त्या. पण मनात किडा शिरलाच. एवढी हुशार डॉक्टर सांगते, तिचा नवरा म्हणे मोठा वादक, तोही सांगतो. परीक्षा जवळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "तू घरी कशी बसतेस ते एकदा बघू दे. मीच येते."

त्या आल्या. सुलक्षणानं पोहे केले होते, शिवाय वरणाचा कुकर लावला होता. त्यानं शिट्टी दिली तशा मिसेस हॅलिवेल हसल्या. "एफ शार्प," त्या म्हणाल्या. पद्माकरनं जाणकाराची मान हलवली. मग त्या पियानोवर बसल्या, चष्मा सारखा केला आणि मधला सी, म्हणजे आपली पांढरी एक, दाबला.

त्यांचं बोट चटका बसल्यासारखं उचललं गेलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं. पुन्हा दाबला. मग त्याच्या शेजारचा. मग तोच पुन्हा, अगदी हळू. चेहरा उतरत गेला. कुकरनं दुसरी शिट्टी दिली तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, ओठ हलवले, पण सूर काही सांगितला नाही.

"फार सुंदर पियानो आहे," त्या म्हणाल्या, पोह्यांचे दोन घास खाल्ले आणि लवकर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. सुलक्षणा हॉलमध्ये बोलत होती, पद्माकर टोस्टला मार्मालेड लावत होता. ती आत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"त्यांनी शिकवणं बंद केलं," ती म्हणाली. "कालपासून. म्हणाल्या, माझे कान गेले. म्हातारपणी होतं म्हणे असं, ऐकू येणारे सूर जागेवरून सरकतात. त्यांच्या गुरूंचंही झालं होतं. किती शांतपणे सांगत होत्या रे! म्हणाल्या, तुमच्याकडे मी सी वाजवला आणि मला ए फ्लॅट ऐकू आला. विजेवरचा पियानो काही सूर सोडत नाही. आता कुठल्या तोंडानं मुलांना शिकवू? आणि माझी परीक्षा तोंडावर आलीये. मला कोण घेणार आता?" आणि ती खुर्चीत बसून चक्क रडायला लागली. पेशंटसमोर, सासूसमोर, इमिग्रेशनसमोर कधी न रडलेली बाई.

पद्माकरचा टोस्ट तोंडापाशी थांबला होता. ए फ्लॅट. ए फ्लॅट म्हणजे आपली कुठली? पांढरी एकपासून चार घरं खाली... काळी... चार.

त्यानं टोस्ट खाली ठेवला.

सुलक्षणा तोंड धुवायला वर गेली. भूलतज्ज्ञाला एक गोष्ट पक्की येत असते, आणीबाणीत आधी आकडे पूर्ववत करायचे, चर्चा मागून. तो धावत पियानोपाशी गेला, बटण शून्यावर आणलं, सेटिंग पुसलं आणि पुन्हा येऊन टोस्टसमोर सज्जनासारखा बसला. पुढचं पुढे बघू.

पुढचं लगेच आलं. सुलक्षणा खाली आली आणि मन रमवायला म्हणून परीक्षेतला तुकडा वाजवू लागली. दोन ओळींतच थांबली.

"पद्माकर!"

"काय गं?"

"अरे, आपलाही बिघडला! हाही मिसेस हॅलिवेलच्यासारखाच चढा वाजतोय!"

"थंडी," पद्माकर म्हणाला.

"थंडी?"

"काल रात्री फ्रॉस्ट होतं. लाकूड आकसतं..."

"हा प्लास्टिकचा आहे, पद्माकर."

मग सुलक्षणा उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये खोटं बोलणारे पेशंट ती रोज बघायची. "कधीपासून आहे हे?" तिनं विचारलं.

"काय?"

"जे काही केलंयस ते."

पद्माकरनं सांगितलं. बटण, काळी चार, शशीवहिनी, कराओके, सगळं. सांगता सांगता आपण फार करुण वाटू, असा त्याचा अंदाज होता. तो साफ चुकला.

"म्हणजे त्या शशीला वरचा सूर लागावा म्हणून तू एका म्हाताऱ्या बाईचे कान काढलेस!" सुलक्षणा ओरडली. "आणि वर ट्यूनरचे पण काढलेस! कोट घाल."

"पायजम्यावर?"

"घाल म्हटलं ना!"

पायजम्यावर कोट घालून पद्माकर मिसेस हॅलिवेलच्या दारात उभा राहिला. भर रविवारी सकाळी, समोरचे लोक चर्चला चाललेले. बाईंनी दार उघडलं. एका रात्रीत त्या दहा वर्षांनी थकल्या होत्या, ते बघून पद्माकरला खरोखरच स्वतःची लाज वाटली. पाठ केलेलं सगळं तो विसरला. "मॅडम, तुमचे कान ठीक आहेत," तो म्हणाला. "गाढव मी आहे."

मिसेस हॅलिवेलनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या आत गेल्या आणि त्यांनी आपल्या पियानोचा एक सूर वाजवला. मग दुसरा. मग भराभर दोन्ही हातांनी असं काही वाजवलं, की चर्चला चाललेली दोन माणसं फाटकाशी थांबली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे गाल ओले होते.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "काल रात्रभर मी एका गोष्टीचा विचार करत होते, की आता उरलेल्या दिवसांचं काय करायचं."

पद्माकरची मान खाली गेली. ती हलली नाही.

"पण ते बटण," बाई डोळे टिपत पुढे म्हणाल्या, "खरंच पट्टी खाली आणतं?"

निघालं असं, की त्या दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या मंडळींकडून गाणी म्हणून घ्यायच्या. सगळे सत्तरीपुढचे. कुणाचाही आवाज वर चढत नव्हता आणि बाईंची बोटं सांधेदुखीनं नव्या पट्टीत वळत नव्हती. असं एखादं बटण असतं तर, असं त्या नुसतं सहज म्हणाल्या. "तुम्हाला तो पियानो विकायचा झालाच तर..."

"विकायचा कसला!" सुलक्षणा म्हणाली. तिच्यातली सांगली जागी झाली होती. "तुम्ही घेऊनच जा! आमच्याकडून भेट!"

"सुलक्षणा," पद्माकर मराठीत कुजबुजला, "दिवाळी..."

"तू एक शब्द बोलू नकोस."

मिसेस हॅलिवेल 'नाही नाही' म्हणाल्या, सुलक्षणा 'हो हो' म्हणाली, आणि इंग्रजी संकोचाला मराठी आग्रह पुरून उरला. फुकट मात्र बाई घेईनात. शेवटी ठरलं, की चर्चच्या हॉलमधला जुना लाकडी पियानो आठल्यांकडे येईल. नाही तरी तो कुणीतरी उचलून न्यावा, अशी चर्चची केव्हापासूनची प्रार्थना होती.

तो आला. चार माणसांनी आणला, एकाची कंबर धरली, पण दारातून आला. काळाभोर, कपाटाएवढा. त्याला बटण नव्हतं, हेडफोनची जागा नव्हती, आवाज कमी करायची काही म्हणजे काही सोय नव्हती. सुलक्षणानं पहिला सूर वाजवला आणि तो विरेपर्यंत पट्टी सोडली नाही. "हाच तो आवाज," ती म्हणाली. "फाटकाबाहेरचा."

मिसेस हॅलिवेलनी तिची जोरदार तयारी करून घेतली. चढ्या सुरांची सवय व्हायला थोडे दिवस गेले, पण झाली. परीक्षेच्या दिवशी ती दात पडलेल्या मुलामुलींच्या रांगेत बसली, शेजारच्या घाबरलेल्या पोरीला तिनं स्वतःची चॉकलेटं दिली, आणि डिस्टिंक्शनमध्ये पास झाली. घरी आली ती नाचतच. वरदाला फोन झाला, सांगलीला झाला. लग्नात झाली नसेल इतकी खूश झाली होती. (हे पद्माकरच्याच लक्षात आलं. तो 'छान आहे' म्हणाला.) दिवाळीला शशीवहिनी कराओकेवर काळी चारमध्ये गायल्या, वरचा सूर लख्ख लागला, हॉल उठून उभा राहिला. पद्माकर तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

पण कलावंताची जात, गप्प किती दिवस बसणार? एका संध्याकाळी सुलक्षणा स्वयंपाकघरात होती. पद्माकर पियानोसमोर बसला. ना हेडफोन, ना बटण, ना ढोलकी, ना टाळ. म्हटलं, होऊन जाऊ दे. बायकोनं इतक्या वर्षांच्या संसारात एकदा तरी नवऱ्याला नीट ऐकावं. त्यानं डोळे मिटले आणि आपलं सगळ्यात हुकमी भजन पांढरी एकमधून जीव ओतून वाजवायला घेतलं. पहिलं कडवं झालं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. ऐकतेय! दुसरं कडवं त्यानं आणखी आळवलं, एक-दोन जागा घेतल्या, मान तर अशी गेली की स्टूल करकरलं. शेवटी समेवर आला आणि डोळे न उघडताच वाट बघत बसला.

"अरे वा!" आतून सुलक्षणाचा आवाज आला. त्यात इतकं कौतुक होतं की पद्माकरचा ऊर भरून आला. "न सांगता पुसायला घेतलास? शहाणा गं बाई माझा! पण पांढऱ्या झाल्या असतील तर काळ्या पट्ट्या पण पूस हं. तुझा फडका त्यांच्यावर एकदासुद्धा गेलेला नाहीये, मी ऐकतेय मघापासून."